गाडी येईपर्यंतचे दिवस

बुकिंग झाले की पहिले आठ-दहा दिवस घरात दुसरा विषय नसतो. रंग कोणता सांगितला, नंबर कोणता मिळेल, सोसायटीच्या पार्किंगमध्ये बसेल का, पहिली फेरी जेजुरीला की अक्कलकोटला. शोरूममधल्या मुलाने ‘सहा ते आठ आठवडे’ सांगितलेले असतात. आठ आठवडे होतात. मग ‘महिनाअखेर नक्की’ असे उत्तर येते. महिनाअखेर निघून जाते. मग ‘वरूनच गाड्या कमी येतायत’. मग ‘दुसरा रंग चालत असेल तर लगेच देतो’. एव्हाना नातेवाईक आणि शेजारी भेटले की ‘काय, आली का गाडी?’ एवढेच विचारू लागलेले असतात. गाडी घेण्याचा आनंद कुठल्या कुठे जातो आणि उरते ती चिडचिड.

तसे पाहिले तर हे काही मोठे दुःख नव्हे. ज्यांना गाडी परवडते, त्यांच्याच वाट्याला ते येते. पण या आठवड्यांत माणसाच्या मेंदूत काय चालते आणि त्या भरात तो पुढे कोणते निर्णय घेतो, हे पाहिले की हा विषय आरोग्याच्या पानावरचा ठरतो. वाट पाहून कंटाळलेला माणूस शेवटी घाई करतो. आणि गाडीच्या बाबतीत घाईची किंमत शोरूममध्ये नाही, रस्त्यावर मोजावी लागते.

वेटिंग जुनेच

आपल्याकडे गाडीसाठी थांबणे नवे नाही. परवाना राजच्या काळात कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या फियाटसाठी आणि बजाजच्या स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षे थांबत. स्कूटरला दहा-दहा वर्षे लागल्याच्या आठवणी त्या पिढीतली माणसे आजही सांगतात. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुती ८००ची किल्ली ग्राहकाच्या हाती पडली, १९९१ नंतर बाजार खुला झाला आणि हळूहळू ‘आज पैसे, आठवड्यात गाडी’ असे दिवस आले.

२०२१ आणि २०२२मध्ये जगभर सेमीकंडक्टर चिपचा तुटवडा पडला आणि वेटिंग परतले. आजच्या गाडीत इंजिनापासून एअरबॅगपर्यंत सगळीकडे चिप असते; त्यातली एक जरी वेळेवर आली नाही, तरी गाडी कारखान्याबाहेर पडत नाही. काही मॉडेलसाठी लोक वर्ष-दीड वर्ष थांबले. तरीही बुकिंगचा उत्साह कमी झाला नाही. ३० जुलै २०२२ रोजी महिंद्राच्या स्कॉर्पिओ-एनचे बुकिंग उघडले, तेव्हा अर्ध्या तासात एक लाखावर नोंदणी झाली. चिपची ती टंचाई पुढे ओसरली. पण मागणीतले मॉडेल, ठरावीक रंग आणि सणाचा मोसम एकत्र आले की वेटिंग आजही लागते.

मेंदूला खुपते ती अनिश्चितता

वाट पाहण्यात आनंद असतो, हे खोटे नाही. १९९०च्या दशकात वोल्फ्राम शुल्ट्झ या मेंदूशास्त्रज्ञाने माकडांवर काही प्रयोग केले. दिवा लागला की थोड्या वेळाने माकडाला फळाचा रस मिळे. सुरुवातीला रस मिळताना माकडाच्या मेंदूतल्या डोपामिन पेशी उत्तेजित होत. दिव्यामागून रस येतो हे माकड शिकले, तेव्हा त्या पेशी दिवा लागतानाच उत्तेजित होऊ लागल्या. रस प्रत्यक्ष आला तेव्हा त्यांच्यात फारसा फरक पडेना. बुकिंगची पावती हाती येते तेव्हाचा आनंद साधारण या जातीचा असतो. गाडी अजून कारखान्यातही नसते, पण मेंदूत दिवा लागलेला असतो.

त्या प्रयोगाचा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. दिवा लागला आणि अपेक्षित वेळी रस आलाच नाही, तर त्या पेशींची हालचाल नेहमीपेक्षाही खाली जाई. म्हणजे अपेक्षा न ठेवता काही न मिळणे वेगळे आणि अपेक्षेच्या क्षणी न मिळणे वेगळे. माकडाच्या रसावरून माणसाच्या गाडीबद्दल थेट निष्कर्ष काढता येत नाहीत. पण ‘महिनाअखेर नक्की’ हे वाक्य ग्राहकाला का लागते, याचा काहीसा उलगडा त्यातून होतो. तारीख दिली नसती तर तो फक्त थांबला असता. तारीख देऊन ती चुकवली की प्रत्येक वेळी त्याला काहीतरी हिरावून घेतल्यासारखे वाटते.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०१६मध्ये माणसांवरच एक प्रयोग प्रसिद्ध केला. ४५ स्वयंसेवकांना संगणकावरच्या खेळात दगडाखाली साप आहे की नाही, हे ओळखायचे होते. साप निघाला तर हाताला विजेचा सौम्य पण दुखणारा झटका बसे. झटका नक्की बसणार हे ठाऊक असताना ताण सर्वाधिक असेल, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात तो सर्वाधिक होता, झटका बसण्याची शक्यता निम्मी-निम्मी असताना. त्वचेवरचा घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्या यांच्या मोजमापातूनही हेच दिसले. वाईट बातमी पक्की कळली तर शरीर तिला तोंड द्यायला तयार होते. ‘होईल किंवा नाही होणार’ या अवस्थेत मात्र ते सतत सज्ज राहते आणि दमते.

रांगेत थांबणाऱ्या माणसाचा अभ्यास व्यवस्थापनशास्त्रानेही केला आहे. डेव्हिड मेस्टर यांनी १९८५मध्ये रांगांच्या मानसशास्त्रावर लिहिलेला लेख आजही आधार मानला जातो. त्याचे सार साधे आहे. किती थांबायचे हे माहीत नसेल तर वेळ मोठा वाटतो. का थांबायचे हे सांगितले नाही तरी मोठा वाटतो. आणि थांबताना हाताला काही काम नसेल तर तो सर्वांत मोठा वाटतो. मुंबईच्या लोकलचा प्रवासी हे लेख न वाचताच जाणतो. इंडिकेटरवर ‘९ मिनिटे’ दिसली की तो पेपर उघडतो. इंडिकेटर बंद असला की तीच ९ मिनिटे तो रुळांकडे वाकून वाकून पाहण्यात घालवतो.

गाडीच्या वेटिंगमध्ये या तिन्ही गोष्टी एकदम असतात. तारीख पक्की नाही, कारण धड सांगितलेले नाही आणि करण्यासारखे काही नाही. पहिल्या दोन गोष्टी शोरूमच्या हातात आहेत. तिसरी ग्राहकाच्या.

वस्तूची वाट आणि प्रवासाची वाट

अमित कुमार, मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २०१४मध्ये एक वेगळा फरक दाखवला. सहल, जेवण, कार्यक्रम अशा अनुभवांची वाट पाहताना लोकांना उत्सुकता आणि आनंद अधिक जाणवतो. वस्तूंची वाट पाहताना अधीरता अधिक जाणवते. गाडी ही वस्तू आहे, पण तिच्यातून घडणारा प्रवास हा अनुभव आहे. शोरूमला दिवसाआड फोन करणारा माणूस वस्तूची वाट पाहत असतो. आईवडिलांना घेऊन कोकणात कधी आणि कसे जायचे, कुठे थांबायचे, आईच्या गुडघ्यांना चढ-उतार झेपेल का, हे ठरवणारा माणूस अनुभवाची वाट पाहत असतो. दिवस तेवढेच, पण त्याचा रक्तदाब बहुधा बरा राहील.

नोबेलविजेते मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन यांनी गाडीचेच उदाहरण देऊन आणखी एक भ्रम दाखवला आहे. ‘तुमच्या गाडीपासून तुम्हाला किती आनंद मिळतो?’ असे विचारले की महागड्या गाडीचे मालक अधिक आनंद सांगतात. पण ‘शेवटचे गाडीत बसलात तेव्हा किती आनंद वाटला?’ असे विचारले की गाडीच्या किमतीचा त्या उत्तराशी संबंध उरत नाही. कारण गाडी चालवताना माणूस गाडीचा विचार करत नाही. तो खड्ड्यांचा, सिग्नलचा आणि ऑफिसचा विचार करतो. वेटिंगच्या काळात मात्र तो चोवीस तास गाडीचाच विचार करतो. म्हणून सनरूफ नसलेले मॉडेल म्हणजे आयुष्यातली उणीव आणि दोन महिन्यांचा उशीर म्हणजे अन्याय वाटू लागतो. सहा महिन्यांनी यातले काहीही आठवणार नसते.

मुहूर्ताची घाई

खरा धोका इथून सुरू होतो. दसरा किंवा पाडवा जवळ येतो आणि गाडी अजून आलेली नसते. त्या वेळी तडजोडीचे प्रस्ताव येतात. रंगाची तडजोड केली तर काही बिघडत नाही. पण कधी कधी ‘हे व्हेरिएंट तयार आहे’ म्हणून जे पुढे केले जाते, त्यात बाजूच्या एअरबॅग नसतात किंवा सुरक्षेची आणखी एखादी सोय कमी असते. आठ-दहा वर्षे वापरायच्या गाडीत चार आठवडे वाचवण्यासाठी सुरक्षा सोडणे, हा सौदा शांत डोक्याने कोणी करणार नाही. तो कंटाळलेल्या डोक्याने होतो. १ ऑक्टोबर २०२३पासून देशात ‘भारत एनकॅप’ ही अपघात-चाचणीची व्यवस्था सुरू आहे. ज्या मॉडेलची चाचणी झाली असेल, त्याचे तारे पाहायला पाच मिनिटे पुरतात. वेटिंगच्या दोन महिन्यांत ती पाच मिनिटे नक्की निघतात.

मुहूर्ताच्या दिवशी शोरूममध्ये जत्रा असते. एकामागोमाग एक डिलिव्हरी द्यायची असते. फीत कापायची, फोटो, नारळ, पेढे, किल्ली. ‘बाकी सगळं मॅन्युअलमध्ये आहे सर.’ आणि मग अनेक वर्षे स्टिअरिंगला हात न लावलेला किंवा आयुष्यभर गिअरची गाडी चालवून आज पहिल्यांदा ऑटोमॅटिकमध्ये बसलेला माणूस, चाकाखालची लिंबे चिरडत, सणाच्या गर्दीत गाडी बाहेर काढतो. बॉनेटवर झेंडूचा हार लोंबत असतो, पाच जणांच्या गाडीत सात जण असतात आणि कौतुकाने धाकट्याला मांडीवर घेऊन त्याचा हात स्टिअरिंगवर ठेवलेला असतो. मुहूर्त साधलेला असतो. बाकी सगळे देवावर सोडलेले असते.

मुहूर्त पाहण्याला विरोध असायचे कारण नाही. पूजा मुहूर्तावर करावी आणि गाडी शिकणे आधी उरकावे, एवढेच म्हणणे आहे.

हाताला काम

वेटिंगचा काळ गाडीला लागतो, पण तो चालकासाठी वापरता येतो. पहिले काम सरावाचे. परवाना खिशात असला तरी हात बसलेला असेलच असे नाही. मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये आठ-दहा तास घ्यावेत. त्यात रात्रीची आणि पावसातली एखादी फेरी असावी. ऑटोमॅटिक घेणाऱ्याने डावा पाय पेडलपासून दूर ठेवण्याची सवय आधीच लावून घ्यावी. क्लच समजून ब्रेक दाबला गेला तर मागचा वाहनचालक सावध असेलच असे नाही.

दुसरे काम तपासणीचे. गाडी पीडीआय करून, म्हणजे डिलिव्हरीपूर्वी तपासून घ्यावी, हे आता पुष्कळांना ठाऊक आहे. चालकाची पीडीआय कोणी करत नाही. चाळिशीनंतर डोळे तपासून घ्यावेत, विशेषतः समोरच्या दिव्यांनी रात्री डोळे दिपत असतील तर. मोतिबिंदूची सुरुवात अनेकदा तशीच कळते. इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरवू शकणारी औषधे घेणाऱ्यांनी गाडी चालवण्याआधी साखर कधी तपासायची आणि गाडीत काय ठेवायचे, हे डॉक्टरांना विचारावे. सर्दीच्या किंवा ॲलर्जीच्या ज्या गोळ्यांनी झोप येते, त्यांची माहितीही याच भेटीत घ्यावी. मोठ्याने घोरणाऱ्या आणि दिवसा पेंगणाऱ्या माणसाने झोपेतल्या श्वासाची तपासणी टाळू नये. महामार्गावर डोळा लागायला दोन सेकंद पुरतात.

तिसरे काम मागच्या सीटचे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांपैकी १६,७१५ जणांनी सीट बेल्ट लावलेला नव्हता आणि त्यांत जवळपास निम्मे चालक नव्हते, प्रवासी होते. त्याच वर्षी ४ सप्टेंबरला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी बेल्ट लावला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले होते. आठवडाभर देशात मागच्या बेल्टची चर्चा झाली. आज किती गाड्यांत मागचे बकल सीट कव्हरखाली गाडले गेले आहेत, हे कोणत्याही पार्किंगमध्ये डोकावून पाहावे. बेल्टमुळे मृत्यूचा धोका निम्म्यापर्यंत कमी होतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. एअरबॅग बेल्टच्या जोडीला असते, बेल्टऐवजी नाही.

लहान मूल असेल तर त्याच्या वयाची आणि उंचीची चाइल्ड सीट गाडीच्या आधी घरात यावी. मुलाला तिच्यात बसायची सवय घरातच लावता येते. गाडी आल्यावर पहिल्याच दिवशी बांधले तर ते रडते आणि आजी त्याला सोडवून मांडीवर घेते. मागे तोंड करून बसवायची सीट, चालू एअरबॅगसमोर पुढच्या सीटवर कधीही लावू नये.

चौथे काम ॲक्सेसरीजचे. वेटिंगच्या काळात शोरूमकडून त्यांची यादी हमखास येते. ज्या गाडीत सीटमधूनच बाजूची एअरबॅग उघडते, तिला जाड कव्हर घातले तर एअरबॅगला अडथळा होऊ शकतो. पुढच्या लोखंडी गार्डवर केंद्राने २०१७मध्येच बंदी घातली. पादचाऱ्याला त्याने अधिक इजा होते आणि एअरबॅगच्या सेन्सरच्या कामातही व्यत्यय येऊ शकतो. पायाखालची सैल मॅट सरकून पेडलमध्ये अडकते. आणि डॅशबोर्डवरचा गणपती? तो श्रद्धेचा विषय आहे, पण जागा बदलता येते. एअरबॅगच्या झाकणावर चिकटवलेली धातूची किंवा काचेची मूर्ती, एअरबॅग फुटली की समोरच्याच्या तोंडावर येते. चालकाच्या नजरेआड न येणारी आणि एअरबॅगपासून दूर असलेली जागा बाप्पालाही चालेल.

आणि नव्या गाडीचा तो हवाहवासा वास. प्लास्टिक, गोंद आणि कव्हर यांतून बाहेर पडणाऱ्या रसायनांचा तो वास असतो. त्यांत फॉर्मल्डिहाइडसारखे घटकही असतात आणि उन्हात उभ्या गाडीत त्यांचे प्रमाण वाढते. घाबरण्याचे कारण नाही. काही महिन्यांत ते कमी होत जाते. तोवर गाडीत बसण्याआधी दारे उघडून हवा जाऊ द्यावी, सुरुवातीला काचा खाली ठेवाव्यात आणि त्या वासावर आणखी एक अत्तराची बाटली लटकवू नये. दम्याच्या रुग्णांनी तर नक्कीच.

आणखी एक गोष्ट विसरली जाते. गाडी येणार म्हणून तोवर दुचाकीवरचा प्रवास थांबत नाही. ‘आता महिन्याभराचा प्रश्न’ म्हणून मुलासाठी हेल्मेट घेणे पुढे ढकलले जाते. अपघाताला त्या महिन्याचा हिशेब कळत नसतो.

शोरूमने काय करावे

ग्राहकाने एवढे करायचे, तर विक्रेत्यांनी काय करावे? खोटी तारीख देऊ नये, ही पहिली अपेक्षा. बुकिंग हातचे जाऊ नये म्हणून ‘दोन महिने’ सांगून पाच महिने लावणे ही विक्रीची युक्ती असेल, पण त्याने ग्राहकाचा ताण वाढतो आणि शोरूमवरचा विश्वास जातो. तारखेऐवजी खरा कालावधी लेखी द्यावा, दर पंधरा दिवसांनी न विचारता परिस्थिती कळवावी आणि उशिराचे कारण स्पष्ट सांगावे. यासाठी एक मेसेज पुरतो. दुसरी अपेक्षा डिलिव्हरीच्या दिवसाची. नारळ आणि फोटोआधी अर्धा तास सीट, आरसे, बेल्ट, चाइल्ड सीटचे हूक आणि ब्रेक यांसाठी ठेवावा. सणाच्या गर्दीत ते जमत नसेल, तर ग्राहकाला आदल्या दिवशी बोलावून शिकवावे आणि मुहूर्तावर फक्त किल्ली द्यावी.

एका कुटुंबाच्या गाडीची एवढी चिंता इतरांनी का करावी, असे कोणी विचारील. २०२२च्या त्याच आकडेवारीत मृतांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे होते आणि सुमारे १९ टक्के पादचारी. म्हणजे ज्यांनी कधी गाडी बुक केली नाही, त्यांचाही जीव गाडी चालवणाऱ्याच्या हातात असतो. रस्ता ओलांडणाऱ्या आजोबांना गाडीचा रंग किंवा सनरूफ यांच्याशी काही देणेघेणे नसते. समोरून येणाऱ्याला नीट दिसते आहे का आणि त्याचा पाय वेळेवर ब्रेकवर जाणार आहे का, एवढाच त्यांचा प्रश्न असतो.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी ‘आली का गाडी?’ असे विचारले, तर ‘नाही अजून, पण डोळे तपासून झाले, चाइल्ड सीट आली आणि रात्रीचा सरावही झाला’ असे सांगता यावे. मग गाडी दसऱ्याला येवो की दिवाळीनंतर, तोवरचे दिवस फुकट जाणार नाहीत.